ताटाची डावी बाजू

आमच्या ह्यांना ब्रेन स्ट्रोक झाला. दवाखान्यातून घरी आले, आणि पहिल्याच जेवणाला मला विचारतात, "चटणी नाही केलीस? एवढं काय बिनसलंय?"

चटणी ताटातच होती. जवसाची, मी सकाळी कुटलेली. शेजारी मीठ, लिंबाची फोड, काकडीची कोशिंबीर. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा जन्म गेला, यवतमाळ सुटलं, लेक घरातसुद्धा हिंदीत भांडायला लागली, पण ताट मी आपल्याच रीतीनं वाढते. तोंडी लावणं डावीकडे, भाजी उजवीकडे.

"डोळे फुटले का तुमचे?" मी फाडकन बोलले. स्वभावाला औषध नाही.

त्यांनी ताटाकडे पुन्हा पाहिलं. "अगं, नाहीये तर नाही म्हण ना," म्हणाले, आणि पोळीचा उजवा अर्धा भाग तेवढा खाऊन उठायला लागले. मी ताट फिरवलं. चटणी उजवीकडे आली तशी म्हणाले, "हां, आत्ता आणलीस होय!" तेव्हा मात्र मी ह्यांना घेऊन परत हॉस्पिटल गाठलं.

तिथे थेरपी देणारी एक मुलगी होती, हरियाणातली, रोहतककडची. ह्यांना अंकल म्हणायची. हे सगळं ऐकून तिनं ह्यांच्यापुढे कागद ठेवला. कागदभर चांदण्या, सगळ्या खोडायच्या. ह्यांनी उजवीकडच्या भराभर खोडल्या आणि पेन्सिल ठेवून दिली, "हो गया." रेघेचा मध्य काढा म्हटलं तर खूण पार उजव्या टोकाकडे. घड्याळाचं चित्र काढलं, तर बारापासून अकरापर्यंत सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले. ज्या माणसानं आयुष्यभर सरकारी इमारतींचे नकाशे तपासले त्याचं हे घड्याळ! मला तिथेच रडू फुटलं.

"आंटी, नजर चांगली आहे," ती हिंदीत समजावायला लागली. "मेंदूची उजवी बाजू दुखावलीय, म्हणून डावीकडचं त्यांच्या ध्यानातच येत नाही. काही राहिलंय हेच कळत नाही, मग शोधणार कसं?"

ह्यांचा हट्ट एकच. एकट्यानं बाहेर पडायचं, रस्ता ओलांडायचा, मेट्रो धरून ऑफिसला जायचं. "मला काहीही झालेलं नाही," हे पालुपद. आता दिल्लीच्या रस्त्यावर ऑटो कुठून अंगावर येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही, आणि ह्यांना तर अर्धा रस्ताच नाही! मी बजावलं, ती मुलगी हो म्हणेपर्यंत एकट्यानं उंबरा ओलांडायचा नाही.

मग तिनं सांगितलेली कसरत सुरू झाली. टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच घास. मी कायम डावीकडे बसायची आणि तिकडूनच बोलायची. "बोलतेस कसली, ओरडतेस," हे म्हणायचे. ओरडेन नाही तर काय! उन्हाळा सरला, पावसाळा गेला, आणि एकदा चांदण्यांचा अख्खा कागद खोडून झाला. एकही सुटली नाही.

"आता?" ह्यांनी विचारलं.

"पेपर तर अंकल पास होणारच, सरावाचाच आहे," ती म्हणाली. "मला घरातलं वागणं बघायचंय."

रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली. मी दोघांना वाढलं आणि तोंडाला कुलूप लावलं. जेवण झालं. तिनं ह्यांच्या ताटात पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. उजवीकडे चाटूनपुसून लख्ख, डावीकडे मीठ, चटणी, थोडी कोशिंबीर उरलेली. "अंकल अजूनही डावी बाजू सोडतायत," ती हळूच मला म्हणाली.

"अगं बाई, ती सोडायचीच असते!" माझा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "चटणी बोटानं चाखायची असते. मिठाचा ढीग कोण खातं?" बिचारीनं स्वतःची चटणी भाजीसारखी संपवली होती आणि ग्लासामागून ग्लास पाणी पीत होती. ह्यांनी शांतपणे डावीकडची लिंबाची फोड उचलून दाखवली. पिळून पार चोथा झालेली.

ती खूप हसली. मग म्हणाली, "पण ताटावरून मी रस्त्याचं कसं सांगू?" तिनं ह्यांना समोरच्या दुकानातून दही आणायला एकट्याला पाठवलं, आणि आम्ही दोघी चोरून मागोमाग निघालो.

रस्त्याच्या कडेला हे थांबले. उजवीकडे पाहिलं. मग मान डावीकडे वळवली, सावकाश, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत. एक ई-रिक्षा उलट्या दिशेनं, डावीकडूनच आली. हे थांबले, तिला जाऊ दिलं, मग रस्ता ओलांडला. माझा जीव इतका वेळ टांगणीला लागला होता. आम्ही दुसरीकडून ओलांडून एका उभ्या मोटारीमागे दडलो. दही घेऊन हे दुकानातून बाहेर आले, दोन पावलं चालले आणि थबकले.

"अगं, मोटारीमागे काय लपलीयस? ये, पिशवी धर."

त्या मुलीनं माझा हात घट्ट दाबला. मला भर बाजारात रडू आवरेना. ती मोटार त्यांच्या डाव्या हाताला उभी होती.