न बसवलेला फ्यूज

चिखलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत भागवतचं सोलरचं दुकान आहे. आधी तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. शेताशेतांत सोलर पंप दिसायला लागले तसा तो पॅनलच्या कामाकडे वळला. मंजुश्री चार वर्षांपासून त्याच्याकडे कामाला होती. पस्तिशीची, आयटीआय झालेली. नवरा वारल्यापासून ती आई बेबीताईंकडे राहायची. पत्र्यावर चढायला ती भागवतच्याही पुढे. गिऱ्हाईक सुरुवातीला तिच्याकडे तिरकं पाहायचं आणि काम झाल्यावर चहा विचारायचं. "माह्यापेक्षा तिचं जोडनं साफ," असं भागवत स्वतःच चारचौघांत सांगायचा.

एका जानेवारीत वामनराव दुकानात आले. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. सारा महाराष्ट्र त्यांनी पाहिला, पण बायको पुष्पाबाई माहेर आणि सासर यापलीकडे फारशी गेली नव्हती. आता तिचे गुडघे गेलेले, त्यात साखरेचा आजार, दोन वेळा इन्सुलिन. लॉजचे जिने तिला चढवत नसत. म्हणून वामनरावांनी जीपमागे ओढायचा एक ट्रेलर वेल्डिंगवाल्याकडून बांधून घेतला होता. आत दोन पलंग, ओटा, कोपऱ्यात कमोड.

"आता याच्यात लाईट पायजे," ते म्हणाले. "एक पंखा, दोन बल्ब आन इन्सुलिनसाठी लहानसा फ्रिज. कुठीबी उभा केला तरी चालला पायजे."

असं काम भागवतनं पहिल्यांदाच घेतलं होतं. तो खूश झाला. टपावर दोन पॅनल, पलंगाखाली दोन बॅटऱ्या, शेजारी इन्व्हर्टर. तीन दिवस मंजुश्रीच आत वाकून वायरी ओढत होती. वामनराव खुर्ची टाकून बाहेर बसत आणि पाहत.

शनिवारी जाताना ती म्हणाली, "भाऊ, बॅटरीच्या जाड वायरीचा फ्यूज अजून आला नाई. तो आल्याबिगर इन्व्हर्टर जोडू नका. आन लोखंडातून वायर काढली तिथं रबर बसवाचं राह्यलं. गाडी हादरली का ते वायर घासन."

"हाव, माईत हाये," भागवत म्हणाला. त्याला खरंच माहीत होतं.

रविवारी तिची सुट्टी. संध्याकाळी वामनराव जीप घेऊनच आले. उद्या सकाळी लोणारला निघायचं ठरलं होतं. पुष्पाबाई पिशव्या भरून सोबत आलेली. दोन दिवस थांबा, एवढंच भागवतला म्हणायचं होतं. ते त्याच्या तोंडून निघेना. पुष्पाबाई त्या ट्रेलरच्या दारात उभी राहून आत पाहत होती, तिला नाही कसं म्हणायचं? शिवाय काम अडलं म्हटलं की आपली इज्जत जाते, असंही त्याला वाटलं. आठवड्यात परत येतील तेव्हा बसवू, असं मनाशी म्हणत त्यानं फ्यूजशिवाय वायर थेट बॅटरीला आवळली. रबराचंही तसंच राहिलं. पुष्पाबाईनं बटण दाबलं, पंखा फिरला आणि ती म्हणाली, "पाहा, आपलं घर निघालं फिराले."

सोमवारी सकाळी मंजुश्रीनं येताच विचारलं, "ट्रेलर गेला? फ्यूजचं काय केलं?"

"दुसरीकडून आनला, बसवला," भागवत म्हणाला. आपण इतक्या सहज खोटं बोलू शकतो, याचं त्याला नंतर फार नवल वाटलं.

दुपारी वामनरावांचा फोन आला. लोणारच्या वाटेवर दुसरबीडजवळ ट्रेलरमधून धूर निघाला होता. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं हात करून जीप थांबवली. वामनराव पाणी शोधेपर्यंत पुष्पाबाई आत शिरली, कारण इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. पलंगाची गादी पेटली होती. फ्रिजचं दार उघडताना तिचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत भाजला. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यानं पान्यानं बॅटरीची वायर सोडवली आणि वर माती टाकली, म्हणून ट्रेलर वाचला.

भागवत मोटारसायकलनं तिथं पोहोचला तेव्हा पुष्पाबाई एका टपरीच्या बाकावर बसली होती. दवाखान्यातून पट्टी करून आणलेली. भागवत आधी ट्रेलरमध्ये गेला. वायर लोखंडाच्या कडेवर घासून उघडी पडली होती आणि तिथून जळत गेली होती. फ्यूज असता तर क्षणात उडाला असता, बाकी काही झालं नसतं. त्यानं वायर गुंडाळून पिशवीत टाकली.

बाहेर वामनराव दारातच उभे होते. "भागवत, त्या पोरीनंच पाडलं ना बे हे भोक? तीन दिवस पाह्यलं म्या तिचं. मले पहिलेच वाटलं होतं, या लोकाईच्या हाती असं काम देऊ नाई."

'या लोकाई' म्हणजे कोण, हे भागवतला कळलं. मंजुश्रीच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, एवढ्यावरून ते म्हणत होते. त्या घडीला तोंड उघडायला हवं होतं. भागवतनं पुष्पाबाईच्या पट्टीकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाह्यतो मी तिच्याकडं."

तीन शब्द. त्यांनी सगळं केलं.

चिखली म्हणजे केवढी! आठ दिवसांत शिक्षक कॉलनीतल्या दोघांचे फोन आले. काम तुम्हीच करा, पण त्या बाईला पाठवू नका. भागवत दोघांनाही 'बरं' म्हणाला. मंजुश्रीला त्यानं दुकानातच बसवून ठेवलं, हिशेबाच्या वह्या लावायला. तिला कारण सांगितलं नाही. ती दुपारी डबा उघडायची तेव्हा तो काही तरी काम काढून बाहेर जायचा.

एके दिवशी सामान आवरताना तिला कपाटामागे ती पिशवी सापडली. जळलेली वायर तिनं टेबलावर सरळ केली. दोन्ही टोकं पाहिली. फ्यूज कुठं बसला असता, तर त्याची खूण वायरीवर राहिलीच असती.

"भाऊ, हे त्या ट्रेलरचं हाये का?"

भागवत वायर उचलून घ्यायला पुढे झाला.

"फ्यूज बसवला म्हनले होते तुम्ही. मी आठ दिवसांपासून ईचार करून राह्यली का माहं काय चुकलं. पुष्पाकाकूचा फोन आला होता मले. म्हने तुह्यापायी माहा हात गेला. म्हने तुह्ये काका पहिलेच म्हनत होते, या लोकाईच्या हाती काम देऊ नाई. मी माफी मागतली त्याईची. रडून मागतली."

"मी तुह्यं नाव नाई घेतलं, मंजुश्री."

"घेतलं नाई, हाव. आन पुसलंबी नाई."

तिनं डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि ती गेली. स्वतःची पक्कड आणि टेस्टर मात्र आठवणीनं घेऊन गेली.

त्यानंतर भागवतला जेवण जाईना. बायको संजीवनीनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. तिनं समजूत घालावी असं त्याला वाटत होतं. ती म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यले? माहा काय संबंध त्याच्यात?"

मग तो वामनरावांकडे गेला. पुष्पाबाई खाटेवर होती. साखरेमुळे जखम भरत नव्हती. भागवत उभ्यानंच बोलला. फ्यूज नव्हता, मंजुश्रीनं बजावलं होतं, मी ऐकलं नाही, आणि दुसरबीडला मी खोटा वागलो.

वामनरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "झालं ते झालं. आता गावभर सांगत फिरन्यात काय अर्थ हाये?"

पण पुष्पाबाई उठून बसली. "मी त्या पोरीले काय काय बोलली, तुमाले माईत तरी हाये का? गाडी काढा तुम्ही."

बेबीताईंनी दार उघडलं. तिघांना पाहून त्या बाजूला झाल्या, पण बसा म्हणाल्या नाहीत. मंजुश्री आतून हात पुसत आली. पुष्पाबाईनं डावा हात पुढे करून तिचा हात धरला आणि ती रडायला लागली. मंजुश्रीनं हात सोडवला नाही, पण तिचा चेहरा हलला नाही. ती वामनरावांकडे वळली.

"काका, 'या लोकाई' म्हंजे कोन लोकं?"

वामनरावांजवळ उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

"चुकलं, बाई," ते म्हणाले.

"माफीचं मी मंग पाहीन," मंजुश्री म्हणाली. "जिथं जिथं माहं नाव गेलं, तिथं जाऊन सांगा. फोनवर नाई, तोंडानं. भाऊ, तुम्हीबी."

भागवत गेला. शिक्षक कॉलनीतलं एक घर, मग दुसरं, वेल्डिंगवाला, बाजार समितीजवळचं हार्डवेअरचं दुकान. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. दुसरबीडच्या पंक्चरवाल्यालाही तो सांगून आला. एक मास्तर हसून म्हणाले, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? तुमचं नाव थोडंच गेलं होतं?" त्या हसण्यानं भागवतला जेवढं मेल्यासारखं झालं तेवढं शिव्यांनीही झालं नसतं, कारण दुसरबीडला गप्प बसताना तो स्वतः नेमकं हेच मनात म्हणाला होता.

पुष्पाबाईचा हात भरायला अडीच महिने लागले. दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. वामनरावांनी ट्रेलरचं काम मंजुश्रीला देऊ केलं, तिनं नाही म्हटलं. शेवटी जालन्याच्या एका माणसाकडून ते करून घेतलं आणि पावसाळ्याआधी दोघं लोणारला जाऊन आले.

मंजुश्री आता स्वतः कामं घेते. दुकान नाही, जुनी स्कुटी आहे आणि मागे शिडी बांधलेली असते. हार्डवेअरच्या दुकानात कधी भागवत दिसला तर ती मान हलवते.

मागच्या दिवाळीनंतर धामणगाव बढेच्या एका शेतकऱ्याचा भागवतला फोन आला, मोठं काम होतं. भागवतनं त्याला मंजुश्रीचा नंबर दिला. मनाला बरं वाटलं. फार दिवसांनी काही तरी नीट केलं असं वाटलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "भाऊ, धामनगाववाल्याले नंबर तुम्ही देल्ला का?"

"हाव. चांगलं काम हाये, म्हटलं तुले..."

"पुन्हा देऊ नका. उपकार करून तुमचं मन हलकं होते, माह्यं नाई. मले काम माह्या नावावर येऊ द्या."

"बरं," भागवत म्हणाला.

समोर गिऱ्हाईक उभं होतं, बॅटरीत पाणी किती दिवसांनी टाकायचं ते विचारत होतं. कान तापलेले असतानाच भागवतनं त्याला सांगितलं.