भावजींचे बिल्ले

लग्न होऊन मी चिखलीला आले, तेव्हा महायुद्ध संपून बरीच वर्षं झाली होती. माझे थोरले दीर, त्यांना मी भावजी म्हणायचे, युद्धात आरमारात होते. खडकीला पलटणीत भरती व्हायला गेले, तर तिथल्या साहेबानं धाडलं जहाजावर. तोवर इंद्रायणीपेक्षा मोठं पाणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आता ते पिंपरीच्या नव्या कारखान्यात सायकलीवरून कामाला जायचे.

दिवाळीआधी ट्रंकेतले कपडे उन्हात घालताना मला रंगीत फितींचे बिल्ले सापडले. एकावर इंग्रज राजाचं तोंड होतं.

"भावजी, हा कशाबद्दल मिळाला?"

"पाण्यात उडी मारली म्हणून," ते हसून म्हणाले. पण त्या दिवशी जेवले नाहीत. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "त्याला त्ये इचारू नगंस, बाय."

मग एका दुपारी खेडकडची एक म्हातारी आली. तिच्या गावचा कुणी कारखान्यात होता, त्याच्याकडून तिला पत्ता लागला होता.

"तूच का रं बोटीवरला? माझा ल्योक तुझ्यासंगं व्हता."

भावजींनी तिला ओट्यावर बसवलं. शेजारी बसून बोलू लागले. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ जहाजाला सुरुंग लागला. तेल सांडून पाणीच पेटलं. त्यांनी उडी मारून दोघांना होडीपाशी आणलं आणि तिसऱ्यांदा गेले ते तिच्या मुलासाठी.

"हात धरला व्हता, आई. तेलानं निसटला. अन् सरकारनं मला बिल्ला दिला."

मी म्हातारीला पाणी आणून दिलं, ते तिनं तसंच हातात धरून ठेवलं.

"ज्ये दोघं वाचलं, त्यांस्नी आई हाय का?"

"एकाला हाय."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

भावजींनी आतून बिल्ला आणून तिच्या ओटीत ठेवला. तिनं तो पदरानं पुसला आणि परत दिला.

"ह्यो तुझा हाय. मला त्यो तिकडं कसा ऱ्हायचा त्ये सांग."

दिवस कलेपर्यंत भावजी सांगत होते. जहाजाचा गंज खरवडताना तो जात्यावरच्या ओव्या म्हणायचा. ताटातली मासळी दुसऱ्याला देऊन त्याची डाळ घ्यायचा.

"ल्हानपणापास्नं शिवायचा न्हाई मासळीला!" म्हणत म्हातारी हसली, तशी रडूही लागली. भावजींना इतकं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

त्यानंतर सुट्टी मिळाली की ते सायकल काढून खेडला जायचे. तिचं छप्पर शाकारायचे, पेरणीला हातभार लावायचे. पुढं ती गेली, तेव्हा अग्नी त्यांनीच दिला. निरोप आला, त्या दिवशी सासूबाईंनी कुणाला काही न विचारता आमच्या घरातली चूल पेटवली नाही.