पुस्तकं जाळणारा भाऊ

सरांनी आयुष्यभर हालांवर पोट भरलं. आधी स्वतःच्या, ते पुरेनात तेव्हा विद्यार्थ्यांच्या. आत्मकथा गाजली आणि कॉलेजने त्यांना लेखन शिकवायला बोलावलं. एका मुलीने लिहिलं होतं, बाप मारायचा आणि मग वळांवर तेल लावत बसायचा. सरांनी लाल पेन्सिलीने तेल खोडलं.

"इथे वाचकाला बरं वाटतं. वाटू द्यायचं नाही. खोटं एक अक्षर लिहू नका, पण कुठे थांबायचं ते शिका."

स्वतः सर फार सुरेख थांबले होते. 'त्या हिवाळ्यात दादाने पुस्तकं शेगडीत घातली.' बस्स, प्रकरण संपलं. हा उतारा पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकात गेला.

दादा म्हणजे सरांचा सख्खा थोरला भाऊ, जन्मभर वेल्डिंग करून डोळे अधू झालेला. पुस्तकं त्याने जाळली होती, अगदी खरं. स्वतःची जाळली होती. धाकटा तापाने फणफणला होता आणि घरात जळण नव्हतं. त्यानंतर दादा शाळेत गेला नाही, वर्कशॉपात गेला. आत्मकथा आल्यावरही त्याने कधी हूं की चूं केलं नाही. पण यंदा तो धडा नातीला आला आणि तिने आजोबांशी बोलणंच टाकलं. त्याने तिला खरं काय ते सांगून पाहिलं.

"पुस्तकात तसं नाहीये," ती म्हणाली.

हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. तो भरल्या डोळ्यांनी सरांच्या घरी गेला.

"बारक्या, नव्या आवृत्तीत एक ओळ घाल. पुस्तकं माझी होती, एवढंच. पोरीसाठी मागतोय रे."

"दादा, एका ओळीने सगळा परिणाम जाईल." सर विचारात पडले, मग एकदम खुलले. "असं कर, रविवारी माझा सत्कार आहे. नातीला घेऊन ये. मी तुझ्याबद्दल बोलतो."

दादा हरखला. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला, नातीला शेजारी बसवलं. "आता ऐक हं," तो तिला दोनदा म्हणाला.

सर माइकपाशी आले. "पुस्तकं जाळणारा माझा भाऊ आज इथे बसलाय. परवा तो माझ्या दारात आला होता. डोळ्यांत पाणी होतं. मी... मी त्याला माफ केलं."

आणि थांबले. यातही खोटं एक अक्षर नव्हतं.

टाळ्यांनी हॉल दणाणला. बायका डोळे पुसू लागल्या. सर खाली उतरले, कॅमेऱ्यांच्या घोळक्यात त्यांनी दादाला मिठी मारली.

"बारक्या, ती ओळ?" दादा त्यांच्या कानाशी म्हणाला.

"रडू येतंय ना? मग रड," सर पुटपुटले आणि फोटोसाठी वळले.

दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडून सगळं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात नातीने त्याचा हात धरला. किती दिवसांनी!

"आजोबा, आता मी नाही रागावले. त्यांनी माफ केलं ना तुम्हाला? मग त्यांना नमस्कार करा."

तिच्याकडे बघत दादाने तोंड मिटलं आणि सगळ्यांदेखत धाकट्या भावापुढे हात जोडले.