विडीच्या बोर्डावरचा हात

रुद्राणी शिडीपाशी उभी राहून भीतभीत वर बघत होती. बोर्ड कारखान्याच्या दारावर चढला होता, आता काही करता येणार नव्हतं.

पंचाहत्तर साल म्हणजे महिला वर्ष. सोलापुरातल्या एका विडी कारखानदाराला बायकांचा भारी पुळका आला नि त्यानं बोर्डावर विडी वळणारी बाई मागितली. नमुना म्हणून कॅलेंडर दिलं. त्यातली बाई गोरीपान, गजरेवाली, मान वेळावून हसणारी. असली बाई विड्या वळते म्हणे! रुद्राणीचा नवरा शिवलिंगप्पा पेंटर. त्याच्या दुकानाची रीतच होती, चेहरा तो काढणार, हातपाय नि लुगड्याचे काठ बायकोनं रंगवायचे. हातांकडं कोण बघतंय?

लग्नाआधी रुद्राणीनंही विड्या वळल्या होत्या. कॅलेंडरातली ती गुलाबी बोटं बघून तिचं डोकं फिरलं. तिनं बोटं तंबाखूनं काळवंडलेली रंगवली, अंगठ्यावर पानं कापायच्या कातरीचा घट्टा काढला. नवऱ्याला सांगायची छाती झाली नाही. तो गडबडीत होता, त्यानंही पाहिलं नाही.

शेठ आले, तशी तिनं आपले हात पदराखाली घेतले. आता हा ओरडणार, नवऱ्याला गावात कोणी भिंतसुद्धा रंगवायला देणार नाही. शेठनी चेहरा बघितला, पदर कुठवर ढळलाय तेही बघितलं. म्हणाले, "झकास!" तिचा जीव भांड्यात पडला, आणि का कोण जाणे, रडूही आलं.

तेवढ्यात घरी वळलेल्या विड्या द्यायला आलेल्या बायका बोर्डाखाली थबकल्या. म्हातारी काशम्मा हसली, "अगं, हिचा हात बगा की! माजाच हाय!"

शेठनी पुन्हा वर पाहिलं. "शिवलिंगप्पा, ही काय घाण? कुणी केली?"

शिवलिंगप्पा पांढराफटक पडला. रुद्राणीनं पदराखालून हात काढले. "मी काढलाय, शेठ."

"गुलाबी कर. आत्ता!"

नवऱ्यानं गुलाबी रंगाचा डबा पुढं केला. ती शिडी चढली. खालून काशम्मा म्हणाली, "रंगव पोरी, भिऊ नगं. आमी बगितलंय."

एकेक बोट गुलाबी झालं. अंगठ्यापाशी मात्र कुंचला थांबला. घट्टा तिनं तसाच ठेवला, नि आपण खाली उतरलो की शेठना तो दिसेल या धास्तीनं तिला शिडी उतरवेना.