ॲपलजॅकमधला जॅक

अमेरिकेत बेलव्ह्यूला मुलीकडे राहायला आले आणि माझं बोलणं हळूहळू बंदच पडलं. नागपूरच्या शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेली मी, पण इथे दुकानात कुणी "सॉरी?" म्हटलं की गप्प होऊन जावयाकडे बघायची. शेवटी मुलीनंच लायब्ररीतल्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात माझं नाव घातलं.

वर्गात सगळे परदेशातून आलेले, बहुतेक आजी-आजोबा. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पुढच्या वेळी प्रत्येकानं एक इंग्रजी शब्द निवडायचा आणि तो कुठून आला ते उभं राहून सांगायचं.

त्या रविवारी आम्ही सफरचंदाच्या बागेत गेलो होतो. तिथल्या दुकानात एका बाटलीवर 'ॲपलजॅक' लिहिलेलं दिसलं.

"सफरचंदाचा आणि गाडीच्या जॅकचा काय गं संबंध?"

"आई, ती ब्रँडी आहे. ठेव खाली."

बाटली ठेवली, पण शब्द काही डोक्यातून जाईना. त्याच्यावरच बोलायचं ठरवलं.

"दारूवर बोलणार तू? सीरियसली?"

"बोलणारच आहे ना, पिणार थोडीच आहे!"

वर्गात माझी पाळी आली, मी उभी राहिले. पहिल्याच वाक्याला समोरचे युक्रेनियन आजोबा कानामागे हात धरून पुढे झुकले. त्यांना माझं बोलणं कळलं नव्हतं. तशी मी फळ्याकडे वळले आणि मार्करनं एक पिंप काढलं. मग मात्र जमलं.

जुन्या काळी अमेरिकेतले शेतकरी सफरचंदाचा आंबलेला रस पिंपात भरून कडाक्याच्या थंडीत बाहेर ठेवत. वर बर्फ धरला की काढून टाकत, पुन्हा ठेवत. उरेल ते चांगलंच कडक! अशा गोठवण्याला 'जॅकिंग' म्हणत, म्हणून ॲपलजॅक, असं बरेच जण सांगतात. काहींच्या मते मात्र जॅक म्हणजे नुसतं माणसाचं नाव, आमच्याकडे कुणालाही बंड्या म्हणतात तसं.

"पण दारू का नाही गोठत?" आजोबांनी विचारलं.

हा तर माझाच विषय! पाणी शून्य अंशाला गोठतं, अल्कोहोलला त्याहून कितीतरी जास्त थंडी लागते. "पाण्याचे कण एकमेकांचे हात धरून बसतात," मी म्हणाले, "आणि अल्कोहोलला म्हणतात, तू बाहेर थांब."

सगळा वर्ग खो खो हसला. आजोबांनी तर टेबलावर थाप मारली.

"मग नावाची खरी गोष्ट कोणती?" बाईंनी विचारलं.

"नक्की कुणालाच माहीत नाही," मी ठासून सांगितलं. "ज्याला माहीत असेल त्यानं हात वर करावा."

हात कुणी वर केला नाही, टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. वेळ संपली तरी कोरियन आजी मार्कर घेऊन फळ्यापाशी आल्या आणि त्यांच्याकडची तांदळाची दारू कशी करतात ते मला काढून दाखवू लागल्या. तेवढ्यात बाईंनी विचारलं, पुढच्या वर्गाची सुरुवात तुम्ही कराल का?

"येस," मी म्हणाले. "मला फक्त मोठा फळा द्या."