हलका लॅपटॉप दाखवा

नया नगरमध्ये माझं आणि इक्बालभाईचं जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. ऑफिसांनी काढून टाकलेले लॅपटॉप आम्ही घेतो आणि बॅटरी, रॅम, कीबोर्ड बदलून विकतो. इक्बालभाई स्क्रू उघडतो, मी तोंड उघडतो, अशी कामाची वाटणी. आमची बरीचशी गिऱ्हाइकं प्रवासाला निघालेली असतात. त्यांना स्वस्त आणि हलका लॅपटॉप हवा असतो, आणि तो निवडता निवडता माणूस कुठे चाललाय, कशाला चाललाय, घरचे काय म्हणाले, सगळं सांगून मोकळा होतो. कुठलं मॉडेल कुणाला दिलं ते आम्ही महिन्याभरात विसरतो. माणसं मात्र विसरता येत नाहीत.

*

पाध्ये सर जवळच्याच बेव्हर्ली पार्कमध्ये राहणारे, शाळेतून रिटायर झालेले. त्रेसष्टाव्या वर्षी एकटे सायकलवर कन्याकुमारीला निघाले होते. वजन वाचवायला त्यांनी टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली होती. दुकानात आले तेच स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन. आमच्या शब्दावर विश्वास नव्हता.

अकरा लॅपटॉप काट्यावर चढले आणि उतरले. शेवटी एक किलोच्या जरासा वर भरणारा एक पसंत पडला. सर खूश. इक्बालभाईने त्याचा चार्जर उचलला आणि काट्यावर ठेवला. जवळजवळ अर्धा किलो. सरांचा चेहरा उतरला.

मग आम्ही मोबाईलच्याच चार्जरवर चालणारा दुसरा लॅपटॉप शोधून दिला. दोन्हींना मिळून एकच चार्जर. सर निघाले. रत्नागिरीहून फोन आला. म्हणाले, लॅपटॉप उत्तम आहे, फक्त उघडत नाहीये.

मी विचारलं, काय झालं?

"पासवर्डची डायरी घरी ठेवली. नव्वद ग्रॅम होती."

*

हेमांगी एका औषध कंपनीत होती. महिन्यातले वीस दिवस फिरती. बॅटरी किती चालते, हा तिचा एकच प्रश्न. मी आठ तास म्हणालो. ती म्हणाली, ठीक आहे, मी बसते.

आणि खरंच बसली. सकाळी अकरा वाजता काउंटरच्या कोपऱ्यात स्टूल ओढलं, लॅपटॉप फुल चार्ज करून वायर काढायला लावली आणि कामाला लागली. रिपोर्ट लिहिले, दोन व्हिडिओ मीटिंगा केल्या, डबा खाल्ला. मी जेवायला गेलो तेव्हा आलेल्या एका गिऱ्हाइकाला तिनेच माऊस विकला.

साडेपाचला लॅपटॉप बंद पडला. मी सफाई द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती बॅग भरत म्हणाली, "साडेसहा तास. चालेल मला, पॅक करा. पण स्टूल बदला. त्यावर माणूस चार तासच चालतो."

*

समुद्राकाठच्या चौक गावचे बस्त्याव अंकल नाखवा. मच्छीमारांच्या संस्थेतर्फे त्यांना मीटिंगांसाठी सारखं दिल्लीला जावं लागायचं. पोरीने बजावून पाठवलं होतं की हलका घ्या, पण बघून घ्या. बघायचं काय ते तिने सांगितलं नव्हतं. अंकलनी स्वतःची पद्धत काढली.

मी पुढे केलेला सगळ्यात चकचकीत लॅपटॉप त्यांनी हातात घेतला, झाकण दोनदा उघडलं, मिटलं, मग उलटा करून पंख्याच्या जाळीला नाक लावलं. आणि बाजूला ठेवला.

"ह्यो न्हाय. ह्यो जळलेला हाय."

मी हसलो. माल दोन दिवसांपूर्वीच आला होता, आम्ही तो तपासलाही होता. इक्बालभाईला मात्र राहवेना. त्याने मागचं कव्हर काढलं. बोर्डाच्या कोपऱ्यात, चिकटपट्टीच्या खाली, नखाएवढा काळा डाग. कुणीतरी जळलेला भाग बदलून वरून झाकून टाकला होता.

अंकल दुसरा लॅपटॉप घेऊन गेले, हुंगून. तेव्हापासून माल घ्यायला गेलं की इक्बालभाई आधी वास घेतो. आमचा होलसेलवाला परवा म्हणाला, "भाई, लॅपटॉप ले रहे हो या पापलेट?"

*

निर्मलाकाकू मुलाकडे मेलबर्नला चालल्या होत्या, सहा महिने. त्यांना बहिणीला रोज मराठीत पत्र लिहायचं होतं, म्हणून बटणांवर मराठी अक्षरं हवी होती. इक्बालभाई स्टिकर घेऊन बसला, तर मी म्हणालो, सोड, मराठीचं काम आहे, मी करतो. एकेक स्टिकर चिमट्याने लावलं. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

काकूंनी तिकडे पोचून पहिलं पत्र पाठवलं. त्यांना चष्म्यातून पडद्यावरचं बारीक दिसायचं नाही, त्या बटणांकडे बघूनच लिहायच्या. त्यांनी लिहिलं होतं, मी सुखरूप पोचले, तू काळजी करू नको. इकडे बहिणीला मिळालं, "ती सुखरूप पोचले, मू काळजी करू नको."

म आणि त मी उलटे लावले होते.

बहिणीने पत्र दोनदा वाचलं आणि थेट भाच्याला फोन लावला, की आईला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने.

सहा महिन्यांनी काकू परत आल्या. मी माफी मागून स्टिकर बदलायला घेतले, तर त्यांनी लॅपटॉप मागे ओढला. म्हणाल्या, "राहू दे. आता कुठे मला सवय झालीय."

*

मनाली आली ती पांढरी काठी घेऊन. जन्मापासून दिसत नाही. बँकांमधल्या लोकांना ट्रेनिंग द्यायची नवी नोकरी लागली होती, दर आठवड्याला नवं शहर, एकटीचा प्रवास. घरच्यांचं म्हणणं, एवढं झेपणार नाही. तिचा जुना लॅपटॉप अडीच किलोचा, खांदा दुखायचा. पुढच्या सोमवारी नागपूरला पहिलंच ट्रेनिंग होतं. ते बिघडलं तर घरचे बरोबर ठरणार होते.

इक्बालभाई सवयीने सुरू झाला, की स्क्रीन बघा, कलर बघा. अर्ध्या वाक्यात त्याच्या लक्षात आलं आणि तो लाल झाला. मनालीने शांतपणे विचारलं, "स्क्रीनचं वजन किती असेल?"

तो म्हणाला, पाव किलोच्या वर.

"मग काढून टाका. मला लॅपटॉप बोलून दाखवतो, मी कानाने वाचते. ती मी उगाच उचलून फिरते."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत आम्ही फुटलेल्या स्क्रीन शेकड्यांनी काढल्या होत्या. तिच्यासाठी निवडलेल्या हलक्या लॅपटॉपची धडधाकट स्क्रीन काढताना इक्बालभाईचा हात चालेना. शेवटी काढली. लॅपटॉप चालू झाला, बोललाही, पण वायफाय गायब. त्याची वायर स्क्रीनच्या कडेने गेलेली असते, ते आम्ही विसरलो होतो. इक्बालभाईने दोन दिवस खपून ती वायर कीबोर्डच्या खाली फिरवून बसवली. उरला तो जाडसर वहीएवढा कीबोर्ड. मनालीने तो एका हातात उचलला, दुसऱ्या हातात घेतला आणि बॅगेत टाकला.

सोमवारी आम्ही दोघंही फोनकडे बघत होतो. संध्याकाळी आला. ट्रेनिंग झकास झालं होतं, पुढच्या महिन्याची चार शहरं ठरली होती. मग म्हणाली, विमानात एक गंमत झाली.

शेजारी एक गृहस्थ होते. ही कानात हेडफोन घालून भराभर टाइप करत होती. तिची काठी घडी करून बॅगेत होती. गृहस्थ बराच वेळ चुळबुळत होते. शेवटी तिच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, तुमची स्क्रीन घरी राहिली का?"

"नाही हो," मनाली म्हणाली. "शेजारी बसलेले लोक वाचतात, म्हणून काढून टाकली."