बारूदखान्याजवळचे बिऱ्हाड

“सडक किधर है?” कप्तानसाहेबाने विचारले.

आम्ही दोघे सडकेवरच उभे होतो. निदान नकाशात तरी तिथे सडक होती. पायाखाली उन्हाने भेगाळलेली काळी माती होती आणि दोन्ही बाजूंना मी ठोकलेल्या खुंट्या. त्यातल्या बऱ्याच खुंट्या कुणीतरी बैल बांधायला उपटून नेल्या होत्या.

“साहेब, दगड आणायला गाड्या मिळत नाहीत,” मी म्हणालो.

साहेबाने छडी उचलून समोर दाखवले. कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. एकीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी. रांगेचे ना डोके दिसत होते, ना शेपूट.

“तो ये क्या है? ऊँट?”

मी तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे इंजिनियरने कागदावर काढलेले जमिनीवर उतरवणारा माणूस. काम जमले तर ते इंजिनियरचे असते, बिघडले तर ओव्हरसियरचे. माझी बदली साताऱ्याहून वऱ्हाडात झाली. आधी अकोल्याला, आणि तिथे सामान सोडतो न सोडतो तोच एलिचपूरला. बरोबर बायको राधा, दोन लहान मुली आणि माझी विधवा आत्या. आत्याने आयुष्यात सातारा सोडला नव्हता. वऱ्हाडी बोलणे ऐकून पहिले काही दिवस तिची समजूत होती की गावात सारखी भांडणे चालू आहेत.

शहराला लागूनच परतवाड्याला फौजेची छावणी होती. छावणीपासून शहराच्या वेशीपर्यंत पक्की सडक हवी होती. पावसाळ्यात त्या मातीत तोफांची चाके अर्धी गडप होत. काम छावणीचे, म्हणून मी कप्तानसाहेबाच्या हाताखाली. “पाऊस लागायच्या आत सडक झाली नाही, तर तुला खात्यातून काढायला सांगीन,” असे त्याने पहिल्याच भेटीत बजावले होते. माणूस मोकळ्या स्वभावाचा होता.

काळ्या मातीवर सडक बांधायची म्हणजे तळाला मोठे दगड बसवायचे, वर खडी, म्हणजे फोडलेला दगड, आणि तिच्यावर मुरूम टाकून सगळे कुटायचे. दगडाला तोटा नव्हता. अमरावतीच्या वाटेवर एका टेकाडाच्या पायथ्याशी तो नुसता पडलेला होता. फक्त आणायचा होता. पण अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे हात पसरले. रेल्वे अजून आमच्याकडे आली नव्हती. त्यामुळे चाक असलेली प्रत्येक वस्तू कापसाच्या कामाला लागली होती. मी एकदा सरणाची लाकडे आणणारी गाडीसुद्धा कापूस भरून जाताना पाहिली.

चिखलात कापसाच्या गाड्या अडकतात, म्हणून शहरातले व्यापारीही सडक मागत होते. आणि कापसामुळेच सडकेला गाड्या मिळत नव्हत्या. मी हे साहेबाला नीट समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “पाऊस लागायच्या आत.”

घरी गेलो तर वेगळीच तऱ्हा. खरे तर त्याला घर म्हणणे धाडसाचे होते.

आम्ही आलो तेव्हा शहरात एक खोली रिकामी नव्हती. सगळीकडे कापूस. शेवटी छावणीच्या कुंपणाजवळ नथूजी नावाच्या एका शेतकऱ्याने चार खोल्यांचे घर दिले. तीन खोल्या आढ्यापर्यंत कापसाने भरलेल्या होत्या.

“हा कधी हलवणार?” मी विचारले.

“भाव चढून राहिला, ओशेरबाबू,” नथूजी म्हणाला. ओव्हरसियर हा शब्द त्याने स्वतःच्या सोयीने छाटला होता. “चढता भाव असतानी कापूस इकते तो येडा. तुमी राहा ना एका खोलीत. पन घरात इस्तो पेटवाचा नाही बरं.”

म्हणजे घरात विस्तव नको. चूल अंगणात मांडावी लागली. तरी नथूजीला विश्वास नव्हता. आत्या चूल पेटवायची की तो पाण्याची भरलेली घागर घेऊन समोर येऊन बसायचा. भाकरी फुगली की उठून उभा राहायचा. एकदा आत्याने पिठल्याला फोडणी दिली. मोहरी तडतडली, तेलाने भडका घेतला, आणि नथूजीने पूर्ण घागर ओतली. चूल गेली, पिठले गेले, आत्याचे सोवळेही गेले.

“वासू,” आत्या मला म्हणाली, “या माणसाला सांग, मी स्वयंपाक करत्ये, लंकादहन नव्हे.”

नथूजीने हात जोडले. “आत्याबाई, रागावू नोका. तुमचं पिठलं उद्या बी होईन. माहा कापूस होईन का?”

पुढे त्याने आणखी कापूस घेतला. “एकच गासडी ठेवतो बरं, कोपऱ्यात,” म्हणत तो आमच्या खोलीतही शिरला. एका गासडीच्या दोन झाल्या, मग थर चढले. आम्ही भिंतीकडे सरकत गेलो, आणि भिंत संपल्यावर वर. शेवटी सगळे कुटुंब गासड्यांवर आढ्याखाली झोपू लागले. मुलींची चंगळ होती. आत्याला शिडी लावून चढवावे लागे. एकदा वर गेली की ती दुपारपर्यंत उतरायची नाही, तिथेच बसून तांदूळ निवडायची. छावणीत बिगुल वाजला की राधा म्हणायची, “अहो, फौजेतल्या शिपायालाही पाय पसरायला जमीन मिळते.”

पण दुसरे घर मिळत नव्हते.

एके दिवशी सकाळीच दारात घोडा थांबला. कप्तानसाहेब आणि दोन शिपाई. कुणीतरी त्याच्या कानावर घातले होते की ओव्हरसियरचे घर कापसाने भरले आहे. साहेबाने सरळ हिशेब मांडला होता. सडकेला गाड्या का नाहीत? कारण ओव्हरसियरच्या गाड्या ओव्हरसियरचा कापूस वाहत आहेत. नोकरी तर जाणारच होती, वर सरकारी कामात व्यापार केल्याबद्दल तुरुंगही होता.

साहेब आत आला आणि वर बघत उभा राहिला.

“ऊपर कौन है?”

“माझी आत्या, साहेब.”

“तिथे काय करते?”

“राहते.”

आत्याने वरून साहेबाच्या पायांकडे पाहिले. “वासू, त्याला बूट काढायला सांग.”

साहेबाला वऱ्हाडात राहून मराठी बऱ्यापैकी कळत होते. तो एक पाऊल मागे सरला, पण बूट काढले नाहीत. “हा कापूस कुणाचा?” त्याने विचारले.

मी नथूजीकडे बोट दाखवले. तो घागर घेऊन अंगणात बसलाच होता. पण शिपाई बघून त्याला वाटले की कापसावर काही नवा कर बसला आहे. तो उठला, साहेबापुढे लवला आणि म्हणाला, “मले काय मालूम, साहेब? म्या तं घर भाड्यानं देल्लं. भाडेकरू आत काय भरून राहिला, ते म्या काहून पाहू?”

रोज पिठल्यावर पाणी घालायला येणारा माणूस! साहेब माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा आता लाल झाला होता.

“ओव्हरसियर, म्हणजे तुझा?”

तेवढ्यात राधा दाराआडून बोलली. माझ्याशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“अहो, नथूजी एवढे म्हणतात की आपला, तर आपलाच असेल. बरंच झालं. आजच विकून टाका. म्हणजे पसरायला जागा तरी होईल.”

“इकता?” नथूजी किंचाळला. “कोनाले इचारून? माहा कापूस हाय तो! बोंडापासून माहा!”

साहेबाने छडी मांडीवर आपटली. मला वाटते, तो हसू दाबत होता. मग अंगणात येऊन त्याने सभोवार पाहिले आणि त्याचे हसू गेले. आमच्या अंगणाच्या टोकापलीकडे एक जाड भिंतींची बुटकी इमारत होती. आम्ही तिला कोठार समजत होतो. मुली तिच्या सावलीत सागरगोटे खेळत.

“तो बारूदखाना आहे,” साहेब हळू आवाजात म्हणाला.

नथूजीने चुलीकडे पाहिले आणि घागरीवरचा हात घट्ट केला. आजवर तो एकटाच शहाणा होता, हे मला तेव्हा कळले.

साहेबाने हुकूम दिला की पुढच्या बाजाराच्या आत हा सगळा कापूस इथून गेला पाहिजे.

“कसा जाईन, साहेब?” नथूजी रडकुंडीला आला. “भाव अजून चढाचा हाय. अन् माह्या गाड्याच चालत नाहीत. धावा ढिल्या झाल्या.”

धाव म्हणजे लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी. वऱ्हाडच्या उन्हात चाकाचे लाकूड सुकून आक्रसते आणि धाव सैल होते. मग ती काढून, तापवून, पुन्हा चाकावर चढवतात आणि वर पाणी ओततात. लोखंड आवळले की चाक पक्के. पण शहरातल्या लोहारांपुढे इतक्या गाड्या होत्या की लोक नंबर लावून महिनाभर बसत. नथूजीची एक गाडी अंगणातच उभी होती. धाव निसटू नये म्हणून तिच्या आणि लाकडाच्या मध्ये त्याने चिंध्या कोंबल्या होत्या.

साहेब तोफखान्याचा माणूस. त्याने ते चाक पाहिले आणि कापूस, बारूद, मी, सगळे विसरला. गुडघ्यावर बसला. चिंध्या उपसून काढल्या. चाक हलवून पाहिले आणि नथूजीकडे असे बघितले, जणू त्याने पोटचे पोर उपाशी ठेवले होते.

“चाक को ऐसा रखता है?”

त्याच दुपारी नथूजीच्या सगळ्या गाड्या छावणीच्या लोहारशाळेत गेल्या. तोफांची चाके दुरुस्त करणाऱ्या लोहारांनी त्या धावा बसवल्या. नथूजीने कापूस भरला आणि वाटेत भेटेल त्याला चाके दाखवत, मिळेल त्या भावाने विकावा लागणार म्हणून हळहळत, अमरावतीला गेला.

दुसऱ्या दिवशी छावणीच्या फाटकाशी गाड्यांची ही गर्दी! पहाऱ्याच्या शिपायाला बाहेर पडता येईना. साहेबाने मला बोलावले.

“हे लोक कोण?”

“गाडीवान, साहेब. धावा बसवून मागतात.”

“त्यांना हाकलून दे.”

साताऱ्याहून आल्यापासून मला एका जागी उभ्या असलेल्या इतक्या गाड्या पहिल्यांदाच दिसत होत्या. मी म्हणालो, “साहेब, हाकलू नका. कापूस अमरावतीला टाकून हे रिकामेच परत येतात. येताना टेकाडापासून दगड भरून आणील त्याची धाव बसवून द्यावी.”

साहेबाने मिशीवर हात फिरवत रांगेकडे पाहिले. “हे आधी का नाही सुचलं?”

“आधी साहेब घरी आले नव्हते.”

त्यानंतर दगडच दगड. आधी गाडीवान म्हणत की दगडाने गाडीला घाण लागते आणि कापूस मळतो. आता ते टेकाडापाशी दगडासाठी भांडू लागले. तेवढ्या लांब जाणे ज्यांना नको होते त्यांनी वाटेत दिसेल तो दगड उचलला. माझ्या खडीत जात्याची तळी आली, एक गावशीव आली, कुणाच्या तरी गोठ्याचा उंबरठा आला. दोन गावांचे पाटील आपापली हद्द शोधत माझ्या सडकेवर हिंडत होते. एकदा आत्या घरातून तरातरा कामावर आली. अंगणातला तिचा पाटा नाहीसा झाला होता. मी तिला तीन ढिगारे उलथून दाखवले. पाटा सापडला नाही. तो सडकेत कुठेतरी आहे, यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास होता. त्या सडकेवरून जाताना ती वाहाणा काढून चालायची.

पाऊस लागायच्या आत सडक झाली. कप्तानसाहेबाने तिच्यावरून तोफा वेशीपर्यंत नेऊन परत आणल्या आणि मला खात्यातून काढण्याची शिफारस न करण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी त्याची पलटण तोफांसकट दुसरीकडे गेली. त्या सडकेचा खरा उपयोग छावणीच्या बाजारात वांगी आणि फुले नेणाऱ्या माळणींना झाला. त्यांनी माझ्याकडे कधी सडक मागितली नव्हती.

नथूजीचे सांगायचे राहिले. कापूस सक्तीने विकावा लागला म्हणून तो महिनाभर आमच्याशी बोलला नाही. मग अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली आणि भाव धाडकन आपटला. आढ्यापर्यंत कापूस भरून बसलेले भलेभले बसले ते बसलेच. नथूजीकडे एक बोंड नव्हते. लोक त्याला सल्ला विचारायला येऊ लागले. तो आमच्याच ओसरीवर बसून सांगे, “मले पयलेच मालूम होतं. म्हनूनच म्या घाईनं इकला.”

राधाने दाराआडून खोकून दाखवले. त्याने लक्ष दिले नाही.

काही दिवसांनी तो भाडे वाढवायला आला. मी कारण विचारले.

“पयले एक खोली होती,” तो म्हणाला. “आता चार झाल्या ना.”

आम्ही वाढवून दिले. पुढे माझ्या हाताखाली नवे ओव्हरसियर आले. त्यांना मी दोनच गोष्टी सांगत असे. गाडी मिळत नसेल तर गाडीवानाशी घासाघीस करण्याआधी वाकून चाक बघा. आणि बिऱ्हाड घेण्याआधी, शेजारची इमारत कसली आहे ते विचारा.